खेळ एकच, मिजाज वेगळे

एकाच घरात एकच गेम चार जणांच्या मोबाइलवर असतो, पण चौघे वेगवेगळ्या कारणासाठी तो उघडतात. आपल्याला बाहेरून दिसते ती फक्त झुकलेली मान. म्हणून ‘दिवसभर गेम खेळतो’ या एकाच वाक्यात आपण सगळ्यांचा हिशेब मिटवून टाकतो.

1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी मिळून खेळायचा, निव्वळ शब्दांवर चालणारा संगणकीय खेळ तयार केला. रिचर्ड बार्टल हा त्याचा जोडीदार. याच बार्टलने 1996 मध्ये एका निबंधात खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली. (पत्त्यांचे नाव घरात निघालेले आपल्या बुजुर्गांना खपत नाही, पण इथे ती नुसती खूण आहे.) चौकट म्हणजे हिरा: गुण, बक्षिसे जमवणारा. इस्पिकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ फावडे: तो खणून पाहणारा. बदाम म्हणजे दिल: माणसांसाठी खेळणारा. आणि किलवर म्हणजे सोटा: दुसऱ्याला लोळवण्यात ज्याला मजा येते तो. हे वर्गीकरण आजच्या मोबाइल गेमच्या पुष्कळ आधीचे आहे आणि कोणताही माणूस पुरता एका खान्यात बसत नाही. तरी आपल्या माणसांना ओळखायला ते कामाला येते.

फावल्या वेळेच्या गेममध्ये सर्वांत जास्त अडकतो तो चौकटवाला. 2012 मध्ये आलेला ‘कँडी क्रश सागा’ घ्या. एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवायच्या, इतकेच. पण पायऱ्या हजारोंनी आहेत आणि नव्या येतच राहतात, म्हणजे ‘संपवून टाकतो’ म्हणणाऱ्याला शेवट कधी भेटतच नाही. पाच जीव मिळतात. हरले की एक जातो आणि अर्ध्या तासाने परत येतो. त्यामुळे मोबाइल खाली ठेवला तरी मन घड्याळाकडे राहते. एखादी गोळी उरली असताना चाली संपल्या, की आणखी पाच चाली विकत घेण्याचा पर्याय समोर हजर! वर्गात वहीवर ‘छान’चा शेरा मिळेपर्यंत जागेवरून न हलणारी जी हुशार मुले असतात, त्यांच्यासाठी हा सापळा जणू माप घेऊन शिवलेला आहे. अशा मुलाच्या हातातून डाव अर्धा असताना मोबाइल हिसकावला, तर तो तासभर धुमसतो. पाचही जीव संपले की आज बंद, असे आधी ठरवले तर तोच निमूटपणे उठतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

इस्पिकवाला तीन दिवसांत कंटाळतो. गेम कसा चालतो हे कळले की त्याच्या लेखी तो संपला. त्याच्या मोबाइलवर पंधरा गेम पाहून अम्मी घाबरते, पण चौघांत सर्वांत सुटा तोच असतो.

बदामवाल्यांना खेळाशी फारसे घेणे नसते. नवी मुंबईच्या कंपनीने 2016 मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पोचला तो यांच्यामुळे. माझ्या ओळखीच्या एक खाला रात्री इशानंतर कुवेतमधल्या मुलाबरोबर लुडो खेळतात. सोंगटी मरायला निघाली की त्या मुद्दाम दुसरीच चाल करतात, म्हणजे डाव लांबतो. त्यांना ‘या वयात गेम कसले खेळता?’ म्हणणाऱ्यांना काही कळलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी काळजी किलवरवाल्याची. त्याला आपला आकडा नको असतो, समोरच्याचा पराभव हवा असतो, आणि हरला की लगेच दुसरा डाव हवा असतो. याच मिजाजावर पैसे लावून खेळायचे लुडो, रमी चालत होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायद्याने मिजाज बदलत नाही. पैसे लावले की तो जुगार, हे आपल्या घरांत कुणाला सांगावे लागत नाही. अडचण अशी, की त्या मुलाला तो जुगार वाटतच नाही, सामना वाटतो. त्याला हरामचे नुसते नाव सांगून भागत नाही. त्याला संध्याकाळी मैदान लागते, कॅरमबोर्ड लागतो, समोर खराखुरा प्रतिस्पर्धी लागतो.

आठवीच्या मुलांना मी एकदा चिठ्ठीवर लिहायला सांगितले होते: गेममध्ये हरल्यावर तू काय करतोस? बहुतेकांनी ‘परत खेळतो’ लिहिले, काहींनी ‘दुसरा गेम उघडतो’, दोघांनी ‘त्यालाच पुन्हा बोलावतो’. एका चिठ्ठीवर होते, ‘अब्बू कामावरून आले का ते बघतो.’