लगागाचं वर्तुळ

माझ्या तिशीतल्या काही गझला आज माझ्याजवळ नाहीत. जळाल्या नाहीत, हरवल्याही नाहीत. २००३च्या सुमारास मी त्या एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे बसून टाइप करून घेतल्या होत्या. फाइल अजून माझ्याकडे आहे. उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि टिंबांचा चिवडा दिसतो. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, ते संगणकाला एक लहानसं कुलूप जोडल्याशिवाय चालत नसे. दुकान बंद झालं, कुलूप गेलं आणि गझला आतच राहिल्या. ज्या छापून आल्या होत्या त्या वाचल्या. ज्या छापल्या नव्हत्या त्यांतल्या दोन-चार ओळी तेवढ्या आठवतात.

म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर मी जेव्हा संगणकाला आज्ञा द्यायला शिकायचं ठरवलं, तेव्हा माझी एकच अट होती. जे शिकायचं ते कुलूप नसलेलं असावं.

अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' म्हणतात. म्हणजे पदार्थ तर मिळतोच, पण त्याची कृतीही सोबत मिळते. ती कुणीही वाचावी, वापरावी, बदलावी आणि ठरलेल्या अटींवर पुढच्याला द्यावी. करणारा उद्या दुकान बंद करून गेला, तरी कृती आपल्या हाती राहते.

माझी मुलगी संगणकाचं शिकलेली आहे. मी तिला म्हणालो, मला कवितेचं काहीतरी करायचंय यावर. ती हसली आणि म्हणाली, "अब्बा, पहले एक गोल तो निकालो."

तो 'गोल' काढायला तिने मला 'पी-फाइव्ह जेएस' ही लायब्ररी दिली. इथं लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं कपाट नव्हे. पडद्यावर एक वर्तुळ उमटवायचं तर कुठला ठिपका रंगवायचा आणि कुठला सोडायचा, याचा बारीक हिशेब लागतो. तो हिशेब कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. आपण फक्त 'सर्कल' म्हणायचं आणि तीन आकडे द्यायचे: डावीकडून किती अंतरावर, वरून किती खाली आणि किती मोठं. अशा तयार आज्ञांचा साठा म्हणजे लायब्ररी.

हिची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉन माएदा हे प्राध्यापक चित्रकारांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी धडपडत होते. त्यांचे विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली 'प्रोसेसिंग' नावाचं साधन सुरू केलं. चित्र काढताना कागदावर जसं सहज रेखाटन करतो, तसं प्रोग्रॅममध्ये करता यावं, हा हेतू. पुढं २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी या कलावंत बाईंनी तीच कल्पना इंटरनेटच्या ब्राउझरसाठी आणली, ती पी-फाइव्ह. हे सगळं मोफत आहे, आणि तिची वेबसाइट हिंदीतही वाचता येते. लायब्ररीची फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही काम चालतं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको.

पी-फाइव्हच्या प्रोग्रॅमचे मुख्य भाग दोन. पहिला 'सेटअप', तो एकदाच चालतो: कागद केवढा, रंग कुठला. दुसरा 'ड्रॉ', तो सेकंदाला साधारण साठ वेळा पुन्हा पुन्हा चालतो. त्यामुळे चित्र हलवता येतं. गझलेचा माणूस असल्यामुळे मला हे लगेच उमजलं. मतल्यात एकदा जमीन ठरते. पुढं रदीफ प्रत्येक शेरात परत येते.

आता माझ्या वर्तुळाकडे वळतो. शाळेत आपण 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेलं असतं. त्यातली पहिली तीन अक्षरं घ्या: य, मा, ता. म्हणजे लघु, गुरू, गुरू. हा यगण, 'लगागा'. तो चार वेळा आला की बारा अक्षरांचं, वीस मात्रांचं भुजंगप्रयात होतं. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. आमच्या गावात ते पहाटे देवळातून ऐकू येत. घरी उर्दू शायरीची चर्चा चाले, तिथं 'फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन' असा वजन कानी पडे. त्या बहराचं नाव मुतकारिब. फऊलुन म्हणजे लगागाच. फिर्दौसीचा 'शाहनामा' याच चालीचा आहे, फक्त ओळीच्या शेवटचा एक गुरू कमी. देवळातलं आणि घरातलं एकाच मापाचं आहे हे मला कानानं लहानपणीच कळलं होतं. पुढं माधव जूलियनांची 'छंदोरचना' हाती आली तेव्हा शास्त्रानंही कळलं. पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बारा अक्षरं म्हटल्यावर मला घड्याळ आठवलं. वर्तुळाचे ३६० अंश, बारा भाग, म्हणजे तीस-तीस अंशांवर एकेक ठिपका. लघु असेल तिथं लहान ठिपका, गुरू असेल तिथं मोठा. संगणक एकापासून नव्हे, शून्यापासून मोजतो. म्हणून आज्ञा अशी झाली: शून्यापासून अकरापर्यंत मोज, आकड्याला तिनानं पूर्ण भाग गेला तर लहान ठिपका काढ, नाहीतर मोठा. ०, ३, ६, ९ हे लहान झाले. घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ वाजतात तिथं.

पडद्यावर ते उमटलं आणि मी बघत राहिलो. बारापासून वाचलं तर लगागा, भुजंगप्रयात. तेच वर्तुळ दोनच्या ठिकाणापासून वाचलं तर गालगा, गालगा. म्हणजे रगण चार वेळा, आपलं स्रग्विणी, आणि उर्दूतला मुतदारिक. वर्तुळ तेच, फक्त सुरुवात सरकली.

ही युक्ती मात्र माझी नव्हे. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद या पंडितानं अरबी छंदांची मांडणी पाच वर्तुळांत केली होती. मुतकारिब त्यातल्या पाचव्या वर्तुळात आहे, आणि मागाहून मुतदारिकही त्याच वर्तुळातला मानला गेला. त्याच्याही कित्येक शतकं आधी आपल्याकडे पिंगलानं लघु-गुरूंचे सगळे संभाव्य क्रम मांडण्याची रीत सांगितली. मी फक्त दोन आकडे बदलले: बाराचे सोळा केले आणि तिनाचे चार. लगागागा आलं. तो हजज, मराठीत वियद्गंगा. सुरुवात सरकवली की त्यातूनच रजज आणि रमल निघतात. खलीलच्या वर्तुळातही हे तिघे एकत्रच आहेत. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं शास्त्र माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर फिरत होतं.

मग हाव सुटली. संगणकानंच ओळीचे लघु-गुरू ओळखावेत, असं वाटलं. ओळीची अक्षरं सुटी केली, तर 'प्रेम' या शब्दाचे पाच तुकडे झाले: प, हलन्ताचं चिन्ह, र, एकाराची मात्रा आणि म. मात्रा अनाथासारखी एका तुटक वर्तुळाला लटकली. युनिकोडमध्ये अक्षरं अशीच सुट्या भागांत साठवलेली असतात. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावं, हा देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा नियम युनिकोडच्या तुकडे पाडण्याच्या नियमांत २०२३ साली आला. तोवर ज्याचं त्यानं बघायचं. मीही पाहिलं. पुढं जोडाक्षर आलं तर आधीचा लघु गुरू कर, असं लिहिलं. 'सत्य' बरोबर आलं, तीन मात्रा. 'तुम्हाला' मात्र चुकलं. मराठी कानाला त्यातला 'तु' लघुच लागतो, कारण 'म्ह'चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही. हा अपवाद मला हातानं लिहावा लागला. यंत्राला नियम कळतो, उच्चार कळत नाही. तो आपण सांगायचा. आणि सांगायचा तर आत हात घालता आला पाहिजे. कुलूप असतं तर मी तक्रार करण्यापलीकडे काय केलं असतं?

मंडळी, शेवटी एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत कवितेच्या तासाला गेलो होतो. आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर वर्गातले बाक कसे रिकामे होतात, आपण जाणता. आईबाप कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कुणी मुलं बरोबर जातात, कुणी आजीपाशी राहतात. तशीच एक आठवीतली मुलगी, दोन वर्षं आईबापांबरोबर फडावर गेलेली, यंदा आजीपाशी थांबलेली. फळ्यावर लघु-गुरू मांडले, तिच्या डोक्यावरून गेले. मी माझ्या फोनवर वर्तुळ उघडून तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, आकडे बदलून बघ.

तिनं बाराचे तेरा केले. वर्तुळात एके ठिकाणी दोन लहान ठिपके शेजारी आले. ती म्हणाली, "सर, इथं ठेच लागतीय." वृत्त मोडणं म्हणजे काय, हे मला याहून चांगलं कधी सांगता आलेलं नाही. तिनं पुन्हा बारा केले, बोटानं ठिपके मोजत निरनिराळ्या जागांपासून वाचून पाहिलं आणि विचारलं, "मधूनच सुरू केलं तरी चालतंय का, सर?"

मी म्हणालो, चालतं बाळा, फक्त पुरा फेरा कर.

त्या मुलीकडे संगणक नाही. आजीचा साधा स्मार्टफोन आहे. पी-फाइव्ह त्यावरही चालतं. टाइप करायला बोटं दुखतात, पण चालतं. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. साधन बदललं म्हणून शब्द उणे झाले नाहीत. ज्यांच्या घरी नवा फोन आला असेल, त्यांनी त्यावर मुलांना नुसते व्हिडिओ बघू देऊ नयेत. एक वर्तुळ काढायला सांगावं. फळ्यावर चुकलं की मूल लाजतं. इथं चुकलं तर फक्त चित्र बदलतं.

माझ्या कुलूपबंद गझला परत येणार नाहीत. नव्या मी युनिकोडमध्ये लिहितो, आणि लघु-गुरूंच्या वर्तुळाचा प्रोग्रॅमही कृतीसकट मागेल त्याला देतो. त्या मुलीनं तो घेतला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)