वाहत्या पाण्यासाठी काळी काच

महेश्वरच्या घाटावर भर उन्हात कॅमेरा घेऊन उभे राहिलेल्या हौशी छायाचित्रकाराची बहुधा निराशा होते. डोळ्यांपुढे नर्मदा अखंड वाहत असते. चित्रात मात्र तिचे पाणी जागच्या जागी थिजलेले येते. १०० आयएसओ आणि एफ १६ इतके बारीक छिद्र ठेवले, तरी अशा उन्हात शटर सुमारे १/१२५ सेकंदच उघडे ठेवता येते. पाण्याची गती उमटण्यास अर्धा-एक सेकंद हवा, आणि तेवढा वेळ दिला तर सारे चित्र पांढरे पडते.

न्यूट्रल डेन्सिटी फिल्टरचे प्रयोजन येथे आहे. भिंगापुढे बसवायची ही करडी काच रंगांत ढवळाढवळ न करता केवळ प्रकाश कमी करते. ती विकत घेताना आकड्यांचा घोळ होतो, कारण एकाच काचेला तीन मापे लावली जातात. तीन स्टॉपच्या काचेवर ८ किंवा ०.९ असे लिहिलेले असते. सहा स्टॉपच्या काचेवर ६४ किंवा १.८, दहा स्टॉपच्या काचेवर १००० किंवा ३.०. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो आणि शटरचा वेळ दुप्पट करावा लागतो, एवढे ध्यानी ठेवले की पुरे. वरील १/१२५ सेकंदाचे या तीन काचांनी अनुक्रमे १/१५, १/२ आणि ८ सेकंद होतात.

प्रस्तुत लेखकाने आरंभी, जितकी गडद तितकी उत्तम, अशा समजुतीने दहा स्टॉपची काच घेतली. आठ सेकंदांत पाणी धुक्यासारखे मऊ झाले खरे. परंतु घाटावरून ये-जा करणारी माणसे जवळजवळ नाहीशी झाली आणि डुलणाऱ्या नावांच्या नुसत्या सावल्या उरल्या. अहिल्याबाईंच्या राजधानीचा तो गजबजलेला घाट चित्रात ओसाड दिसू लागला. दोष काचेचा नव्हता, निवडीचा होता.

म्हणून काच घेण्यापूर्वी, चित्रात काय वाहावे आणि काय स्थिर राहावे, हे ठरवावे. जवळच्या सहस्रधारेचे खडकांतून धावणारे पाणी उन्हात टिपण्यास सहा स्टॉप योग्य. अर्ध्या सेकंदात निश्चल बसलेला माणूसही ओळखू येतो. ढगाळ दिवशी किंवा झाडांच्या सावलीत तीन स्टॉप पुरतात. दहा स्टॉप ढगांची धाव किंवा निर्जन जलाशय यांसाठी राखून ठेवावेत. एकच काच घ्यावयाची असल्यास सहा स्टॉपची घ्यावी. फिरवून गडद करता येणारी काच सोयीची असते. मात्र रुंद कोनाच्या भिंगावर तिची काळी फुली उमटू शकते.

आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या भिंगाच्या व्यासाची काच घेऊन लहान भिंगांस जोडकडी वापरली, तर खर्च वाचतो. फार स्वस्त काचेने चित्रावर तांबूस वा निळसर छटा येते. तिपाई अनिवार्य आहे. गडद काच लावण्यापूर्वीच चौकट आणि फोकस निश्चित करावा. मागाहून काहीच नीट दिसत नाही.

शेवटी एक इशारा. या काचेतून सूर्य किंवा सूर्यग्रहण कधीही पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. दृश्य प्रकाश मंद झाला, तरी अदृश्य अवरक्त किरण तिच्यातून पार होऊन डोळ्यांना कायमची इजा करू शकतात.