बाळाचं नाव आयर्विन? आज्जीला विचारा!

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाचा मेसेज आला, ‘बाळासाठी हटके नाव हवंय.’ म्हटलं, आता आरव, विहान, कियान अशी लिस्ट येणार. पण पठ्ठ्याचं आधीच ठरलं होतं. अर्विन! स्पेलिंग आय, आर, डब्ल्यू, आय, एन. म्हणजे सांगलीकर ज्याला ‘आयर्विन’ म्हणतात तेच. तिकडच्यांच्या जिभेला सोपं आणि आपल्या भागाची आठवण, असा डबल फायदा.

मग वारणानगरला आज्जीला फोन लागला.

“आयर्विन? पोराचं नाव हाय का पुराची पातळी?”

तिचं बरोबर आहे हो. वारणा नदी सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि सांगलीत कृष्णेवर उभा आहे आयर्विन पूल. कृष्णा फुगली की वारणेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे पावसाळ्यात वारणाकाठी दोनच प्रश्न. चांदोलीतून किती सोडलं? आयर्विनला किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्याही वर. तेव्हा आज्जीची धाकटी बहीण सांगलीत दुसऱ्या मजल्यावर चार दिवस अडकली होती, लाइट नाही, मोबाइल बंद. आज्जी रात्रभर टीव्हीसमोर बसून एकच आकडा विचारत होती.

गंमत म्हणजे ज्या साहेबावरून पुलाला हे नाव पडलं, त्याचं नाव मुळात आयर्विन नव्हतंच! तो एडवर्ड वुड. व्हाइसरॉय होऊन येण्याआधी, १९२५ मध्ये त्याला ‘बॅरन आयर्विन’ ही पदवी मिळाली. चिंतामणराव पटवर्धनांच्या संस्थानात बांधलेल्या या पुलाचं उद्घाटन त्याच्याच हस्ते १९२९ मध्ये झालं. गांधी-आयर्विन करारातला आयर्विन तो हाच. दिल्लीतल्या आयर्विन हॉस्पिटलचं नाव पुढे बदलून लोकनायक जयप्रकाश झालं. सांगलीचा पूल मात्र आयर्विनच राहिला.

नावाचा अर्थ? जुन्या इंग्रजीत ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर आणि ‘विने’ म्हणजे मित्र. रानडुकराचा मित्र! हे ऐकून आमचे मामा फोनवरच उखडले. उसाच्या फडात रात्रभर डुकरं हाकलणाऱ्या माणसाला नातवाचं असलं नाव सांगायचं म्हणजे... असो. पण याच नावाला दुसरं मूळही जोडतात, स्कॉटलंडमधलं अर्व्हिन गाव. तिथे त्याच नावाची नदीसुद्धा आहे. मी मामांना हेच पटवून दिलं.

आडनावाचं फर्स्ट नेम झालं ते नंतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांनी मुलांना सिडनी, मिल्टन, अर्विन अशी अस्सल इंग्लिश वाटणारी नावं दिली. पोरगं तिथलंच वाटावं, हीच धडपड. कादंबरीकार अर्विन शॉ त्याच पिढीतला, जन्म १९१३. आज तिकडे हे आजोबांचं नाव वाटतं, नव्या बाळांत क्वचितच सापडतं. भाऊ म्हणतो, म्हणूनच हवंय.

शेवटी आज्जीने परवानगी दिली, पण एका अटीवर. “ठेवा काय ठेवायचं ते. फक्त पावसाळ्यात फोन करून आयर्विन वाढतोय म्हणून सांगू नका.”