पोरं मोबाईलवर पुटपुटतात ते रॅप: कोणाचं ऐकायचं?

शिरूर आणि दौंडच्या गटांच्या बैठकीला गेलो, की हप्त्यांचं बोलणं संपल्यावर हल्ली एक तक्रार हमखास निघते. पोरगा कानात वायर घालून बसतो, हातवारे करतो आणि भराभर काहीतरी पुटपुटतो. एका बाईनं तर सांगितलं, मुलीच्या वहीत असली गाणी सापडली म्हणून घरच्यांनी तिचा मोबाईलच काढून घेतला. ती वही आम्ही पाहिली. पहिलंच गाणं पाण्याच्या टँकरवर होतं. म्हणून आज रॅपविषयी बोलू.

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमक जुळवत बोललेलं गाणं. सूर कमी, शब्द जास्त. ज्या हिपहॉपमधून ते आलं, त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ ला झाला असं मानतात. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. तिनं राहत्या इमारतीतला हॉल भाड्यानं घेतला, मुलींना २५ आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं. तबकड्या वाजवल्या तिच्या भावानं, डीजे कूल हर्कनं. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा तो दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा लांबवायचा. त्यावर नाच आणि बोलणं रंगत गेलं. नाव भावाचंच जास्त घेतात, पण हॉल आणि तिकिटाचं सगळं बहिणीनं पाहिलं होतं.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. जात्याच्या घरघरीवर बाई मनातलं बोलायची, तेही ठेक्यावरचंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्याही आहेत. मात्र ओवी पहाटे, घर झोपेत असताना म्हटली जायची. रॅप चारचौघांत ऐकवतात. घरच्यांना खुपतं ते बहुधा हेच.

पोरं 'अंडरग्राउंड' म्हणतात ते कलाकार म्हणजे ज्यांच्यामागे सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही. स्वतःच्या पैशानं गाणं करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं. त्यातलं पुष्कळसं आम्हालाही ऐकवत नाही. गाड्या, नशा, आईबहिणीवरून शिव्या. पण तेवढ्यावरून सगळंच बंद करू नका. आम्ही ऐकलेली काही नावं सांगतो.

आधी शेजारची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महादेव कोळी समाजाची मधुरा घाणे 'माही जी' या नावानं गाते. जंगल, पाणी, उन्हाचा तडाखा हे तिचे विषय. कळशीसाठी वणवण केलेल्या बाईला तिचं गाणं समजावून सांगावं लागत नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, नाव 'हंड्रेड आरबीएच', आपल्या वऱ्हाडी बोलीत रॅप करतो. गावची बोली लपवायची गोष्ट नाही, हे पोरांना त्याच्याकडून चांगलं कळेल. मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड वूमन' हा तर मुलींचाच गट आहे. क्रांतीनारी, एमसी महिला ही त्यातल्या दोघींची नावं. मुलीला दाखवायला हा गट चांगला.

ओडिशाच्या कलाहंडीचा दुलेश्वर टांडी, म्हणजे 'दुले रॉकर', स्वतः परगावी मजुरी करून आलेला. २०२० च्या टाळेबंदीत पायी घरी निघालेल्या मजुरांचं दुःख त्यानं कोसली भाषेत मांडलं. आपल्याकडे दर हंगामाला ऊसतोडीच्या कोप्या पडतात. त्याची भाषा नाही कळली तरी तो काय म्हणतोय ते कळतं.

तमिळ अरिवू आता बराच मोठा झाला, त्याला अंडरग्राउंड म्हणता येणार नाही. तरीही २०२१ चं 'एन्जॉय एन्जामी' जरूर ऐका. त्याची आजी वल्लियम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यात राबली आणि परत आली तेव्हा हाती जमीन नव्हती. तिच्याकडून ऐकलेलं नातवानं गाण्यात आणलं. आम्ही ते एका बैठकीत लावलं, तर म्हाताऱ्या बायकाच आधी ठेका धरू लागल्या.

चेन्नईच्या सोफिया अश्रफनं २०१५ मध्ये कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्यावर गाणं केलं. कामगार कितीतरी वर्षं भांडत होते. गाणं देशभर पोचलं आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीनं ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. एकट्या गाण्यानं हे झालं नाही. कामगारांची चिकाटी मोठी. पण रांजणगाव-कुरकुंभच्या वसाहतींजवळ राहणाऱ्या आपण हे ऐकून ठेवावं.

आता आयांची खरी भीती. पोलीस येतील का? एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे या दोघांवर राजकारणावरच्या रॅपमुळे गुन्हे नोंदले गेले, हे खरं आहे. म्हणून मुलांना लिहू नका म्हणण्यापेक्षा, गाणं यूट्यूबवर टाकण्याआधी आम्हाला वाचून दाखव, एवढं म्हणा. कोणाच्या जातीवर, बाईच्या अब्रूवर घसरत नाही ना, आणि ज्याच्यावर आरोप केला त्याचा पुरावा आहे ना, इतकं पाहा.

ही गाणी शोधायला टाईप करावं लागत नाही. यूट्यूबवर माईकचं चिन्ह दाबून नाव बोला. कानात वायर न घालता मोठ्यानं लावा, पोरांना शेजारी बसवा, अडलेला शब्द त्यांनाच विचारा.

त्या मुलीचा मोबाईल अजून परत मिळालेला नाही. पुढच्या बैठकीला तिनं वही घेऊन यावं, असं तिच्या आईला सांगून ठेवलं आहे. टँकरचं गाणं तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.