बाहेर पडलेलीचं म्हणणं ऐकून घ्या

चुली आवरून, लेकरांना जेवू घालून रेडिओपाशी बसलात ना? मग आज एक अवघड विषय काढते.

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांची धाकटी जाऊ सहा वर्षं एका बाबांच्या मंडळात होती. आता ती बाहेर पडलीय आणि तिथं काय चालतं ते सांगतेय. घरातली मोठी माणसं म्हणतात, "तिचं ऐकू नका, तिचं तिथं पटलं नाही म्हणून जळते." ताईंनी विचारलं, "सोडून आलेलं माणूस नावं ठेवणारच. मग त्याचं खरं कसं मानायचं?"

मला त्या मंडळाची काही माहिती नाही, त्यामुळं त्याच्यावर बोलत नाही. पण याच प्रश्नाचं उत्तर वेळेवर न शोधल्यामुळं एके ठिकाणी काय झालं, ते सांगते. गोष्ट लांबची आहे, पण तिचा पुढं पुरता तपास झालाय. कागद आहेत, टेप आहेत, वाचलेल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं आहेत.

दक्षिण अमेरिकेत गयाना नावाचा देश आहे. इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथं राहतात. त्या देशातल्या जंगलात अमेरिकेहून आलेल्या एका पंथानं वसाहत केली होती. पंथाचं नाव पीपल्स टेंपल, म्हणजे लोकांचं मंदिर. संस्थापक जिम जोन्स. त्याच्याच नावावरून वसाहतीला जोन्सटाउन म्हणत.

हा जोन्स सुरुवातीला वाईट माणूस वाटावा असा नव्हता, हे आधी ध्यानात घ्या. १९५०च्या दशकात अमेरिकेत गोरे आणि काळे एका बाकावर बसत नसत, तेव्हा यानं दोघांना एका पंगतीत बसवलं. भुकेल्यांना जेवण दिलं, म्हाताऱ्यांची सोय केली. पुढं पंथ कॅलिफोर्नियात गेला. सॅन फ्रान्सिस्को शहरात पुढाऱ्यांशी त्याची ऊठबस वाढली आणि शहराच्या घरबांधणी मंडळाचं अध्यक्षपदही त्याला मिळालं. पंथात काळ्या बायका पुष्कळ होत्या, त्यांत वयस्कर खूप. ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना तिथं मान मिळाला. म्हणून त्या गेल्या. त्या काही मूर्ख नव्हत्या.

मग सोडून आलेले काय सांगत होते?

१९७३ मध्ये आठ तरुण मुलंमुली पंथ सोडून गेली. मागं चिठ्ठी ठेवली. शिकवण समानतेची, मग वरच्या जागांवर सगळे गोरेच का? बाकीच्यांना ब्रह्मचर्य सांगायचं आणि वरच्यांनी वेगळं वागायचं, हे कसं? पण त्या मुलांनी दोष जास्त करून जोन्सच्या आजूबाजूच्या माणसांना दिला. सोडून गेल्यावरसुद्धा गुरूवरची श्रद्धा एका दिवसात सुटत नाही, बायांनो.

१९७५ मध्ये एक नवराबायको बाहेर पडले. पुढं त्यांनी अल आणि जीनी मिल्स अशी नावं लावली. नावं का बदलली? पंथात असताना त्यांनी कोऱ्या कागदांवर आणि मुखत्यारपत्रांवर सह्या दिल्या होत्या. त्या कागदांचा जाच नको म्हणून जुनी नावंच सोडली. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला एका ओळखीच्या बाईला मिठी मारली एवढ्यावरून सभेत लाकडी फळीनं ७५ फटके मारले होते.

१९७६ मध्ये ग्रेस स्टोन ही वरच्या जागेवर काम करणारी बाई निघून गेली. चार वर्षांचा मुलगा मागं राहिला. त्याला गयानाला नेलं. पुढं कोर्टानं मुलाचा ताबा आईला दिला, तरी मूल तिच्या हाती आलं नाही.

१ ऑगस्ट १९७७ च्या अंकात 'न्यू वेस्ट' या मासिकानं अशा दहा जणांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी छापलं. कमाईचा चौथा हिस्सा द्यावा लागे, पुढं घरंदारंही लिहून घेत. "आम्ही आमच्या लेकरांना छळलं" असल्या खोट्या कबुल्या लिहून घेत. आणि तो जोन्स कॅन्सर बरा करायचा ना, त्यात पोटातून निघालेली गाठ म्हणून दाखवायचे ते कोंबडीच्या आतड्या-काळजाचे तुकडे असायचे.

लेख छापून यायच्या सुमारास जोन्स गयानाला निघून गेला. मागोमाग शेकडो माणसं गेली.

मे १९७८ मध्ये डेबोरा लेटन ही पंचविशीतली बाई तिथून निसटली. पंथाचा पैसा सांभाळण्यात तिचा हात होता. तिची कॅन्सरनं आजारी असलेली आई तिथंच राहिली. डेबोरानं जूनमध्ये प्रतिज्ञापत्र करून सांगितलं: लोकांचे पासपोर्ट काढून घेतलेत. पत्रं वाचून मगच पाठवतात. दिवसभर शेतात राबायचं आणि खायला भात, भाताची पेज, पुन्हा भात. कर्ण्यावर रोज तासन्‌तास जोन्सचा आवाज. आणि एका रात्री सगळ्यांना रांगेत उभं करून पेला दिला, यात विष आहे, प्या म्हणून सांगितलं. प्यायल्यावर सांगितलं, ही तुमच्या निष्ठेची परीक्षा होती. अशी परीक्षा एक दिवस खरी होईल, असं तिचं म्हणणं होतं.

एवढं सगळं लेखी होतं, तरी का ऐकलं नाही कुणी?

एक तर पंथानं उत्तर देताना मुद्दा सोडला आणि माणसावर गेला. हे गद्दार आहेत, खोटारडे आहेत. दुसरं, मोठी माणसं जोन्सच्या पाठीशी होती. आणि तिसरं, वसाहत बघायला कुणी गेलं की तिथली माणसं सांगायची, आम्ही मजेत आहोत. कुणाला काय सांगायचं, हे त्यांच्याकडून आधी घोटून घेतलेलं असायचं. सासू समोर बसलेली असताना सुनेला विचारलं, सुखी आहेस का, तर ती काय सांगणार?

शेवटी अमेरिकेचे एक खासदार, लिओ रायन, पत्रकार आणि नातेवाईक घेऊन तिथं गेले. १७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री गाणीबजावणी झाली, टाळ्या झाल्या. त्याच मुक्कामात कुणीतरी पत्रकाराच्या हातात चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून न्या. दुसऱ्या दिवशी पंधराएक माणसं त्यांच्याबरोबर निघाली. विमानाच्या पट्टीवर पंथाच्या लोकांनी गोळ्या घातल्या. रायन, तीन पत्रकार आणि निघालेली एक बाई, असे पाच जण मेले.

त्याच संध्याकाळी वसाहतीत सरबतात विष कालवलं. आधी लेकरांना पाजलं. भोवती बंदुका घेतलेले पहारेकरी होते. क्रिस्टीन मिलर नावाची साठीची बाई उठून उभी राहिली आणि बोलली, लेकरांना जगू द्या, दुसरा काही मार्ग काढा. बाकीच्यांनी ओरडून तिला खाली बसवलं. हे टेपवर आहे. त्या दिवशी गयानात एकंदर ९१८ जीव गेले. त्यांतली जवळजवळ तिसरा हिस्सा मुलं होती. ग्रेसचा मुलगा त्यात होता, सहा वर्षांचा. याला सामूहिक आत्महत्या म्हणतात. पण मैत्रिणींनो, सहा वर्षांचं लेकरू आत्महत्या करत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. बाहेर पडलेल्याचं सगळंच खरं मानायचं का? नाही. राग असतो, ऐकीव गोष्टी मिसळतात. दाण्यासारखं पाखडून घ्यायचं. ते असं.

ती डोळ्यांनी पाहिलेलं सांगते की ऐकलेलं? दिवस, जागा, कागद सांगू शकते का?

वेगवेगळ्या वेळी सोडून आलेल्या दोघीतिघी तेच सांगतात का?

ती स्वतःची चूकही सांगते का? पीपल्स टेंपलमधून आलेल्या कित्येकांनी आपणही त्या कामात हात दिला, हे कबूल केलं होतं. नुसता सूड घ्यायचा असेल, तर माणूस सहसा स्वतःला त्यात ओढत नाही.

सांगून तिला काय मिळतं आणि तिचं काय जातं?

आणि सगळ्यांत मोठं, मंडळ काय उत्तर देतं? हिशोबाची वही पुढं करतं की तिची अब्रू काढतं?

प्रत्येक भजनी मंडळ, प्रत्येक सत्संग म्हणजे जोन्सटाउन नव्हे. जिथं मनाला उभारी येते तिथं जरूर जा. फक्त चार गोष्टी पदराला बांधून ठेवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. दागिने आणि सातबारा कुणाच्या पायाशी ठेवायचा नाही. दवाखान्याची गोळी कुणाच्या शब्दावर बंद करायची नाही. आणि जिथून निघताना भीती वाटते, तिथं लेकरू ठेवायचं नाही.

चमत्कार दाखवून पैसा उकळणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. सह्या-कागदांची भानगड असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बायांना तिथं वकील फुकट मिळतो.

आणि ताई, तुमच्या जावेला घरी बोलवा. "आम्ही आधीच सांगितलं होतं" एवढं वाक्य मात्र गिळा. ते ऐकावं लागेल म्हणूनच कित्येक जणी बाहेर पडत नाहीत. सहा वर्षं ज्यांना आपलं मानलं ती माणसं तिनं गमावलीत. चहा ठेवा, तिला सगळं बोलू द्या आणि मग पाखडा. तिच्या मागं अजून कुणी निघायचा विचार करत असेल, तर ती तुमच्या दाराकडेच बघत असेल.

पुढच्या बैठकीत गटात यावर बोला. काय ठरलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.