गोंगाटाआधीचा विचार

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या हातात बहुधा प्लास्टिकच्या आवरणातला एक मोठा कागद असतो. त्यावर बारीक अक्षरांत, रंगीत चौकटींमध्ये चाली मांडलेल्या असतात. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली एका चौकटीत, तिसऱ्या डाऊनला थोडेच अंतर उरले असेल तेव्हाच्या दुसरीत, गोलरेषेजवळच्या तिसरीत, शेवटच्या दोन मिनिटांच्या चौथीत. चाल सांगताना प्रशिक्षक याच कागदाने तोंड झाकतो, कारण पलीकडची माणसे ओठ वाचतात. या कागदामागची शिस्त व्यावसायिक फुटबॉलमध्ये ज्यांनी सर्वांत खोलवर रुजवली ते बिल वॉल्श, १९७९ ते १९८८ या दहा मोसमांतले सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक. त्यांच्या आक्रमणपद्धतीला पुढे ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ हे नाव चिकटले. तिचा जन्म मात्र पश्चिम किनाऱ्यापासून दूर, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीत झाला, आणि तोही एका अडचणीतून.

खेळाची चौकट आधी समजून घेऊ. मैदान शंभर यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. या प्रत्येक संधीला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पार झाले की पुन्हा नव्या चार संधी. चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा क्वार्टरबॅकने तो पुढच्या सहकाऱ्याकडे फेकायचा, हे दोन मार्ग. प्रत्येक डाऊननंतर खेळ थांबतो, आणि पुढची चाल ठरवायला मिनिटभरही मिळत नाही. खेळ असा तुकड्यातुकड्यांनी चालत असल्यामुळे प्रत्येक तुकडा आधीपासून आखता येतो. म्हणूनच फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला इतके महत्त्व आहे.

वॉल्श यांच्या आधीच्या काळी प्रशिक्षकांची शिकवण साधी होती. आधी चेंडू घेऊन पळा, बचाव करणारे पुढे सरसावले की त्यांच्या डोक्यावरून लांब पास फेका. पळणे भरवशाचे आणि फेकणे धोक्याचे, असा हिशेब होता. पास तो झेलणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे रिसीव्हरच्या हाती गेलाच नाही तर संधी फुकट जाते. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर चेंडूच जातो.

१९६८ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स हा नवा संघ मैदानात उतरला. त्याचे संस्थापक आणि प्रशिक्षक पॉल ब्राऊन हे या खेळातले आद्य गुरुजी. सामन्यांच्या फिल्म पाहून अभ्यास करणे, खेळाडूंना वर्गात बसवून वह्या लिहायला लावणे, प्रत्येक चाल बाहेरून खेळाडूमार्फत आत पाठवणे या गोष्टींना त्यांनी पद्धतीचे रूप दिले होते. त्यांच्या हाताखाली पासच्या खेळाची जबाबदारी वॉल्श यांच्याकडे आली. १९६९ मध्ये त्यांना ग्रेग कुक नावाचा विलक्षण ताकदीचा नवा क्वार्टरबॅक मिळाला. त्या मोसमात त्याच्या प्रत्येक फेकीमागे सरासरी नऊ यार्डांहून अधिक मिळत होते. पण त्याच वर्षी त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली.

त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. त्याच्या दंडात लांब फेकीची ताकद नव्हती, पण फेक अचूक होती, पाय चपळ होते आणि डोके गणिती होते. रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत त्याने १९६९ च्या मोसमातल्या आठ हजारांहून अधिक चालींचा अभ्यास केला आणि मैदानाच्या कोणत्या जागी मिळालेली संधी किती गुणांच्या मोलाची ठरते, हे मांडणारा निबंध १९७१ मध्ये एका संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. आज प्रत्येक संघाकडे असलेल्या सांख्यिकी विभागाच्या मुळाशी असे निबंध आहेत.

दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने अशा खेळाडूला बदली क्वार्टरबॅक येईपर्यंत चालवून घेतले असते. वॉल्श यांनी त्याच्या मापाचे आक्रमण शिवले. लांब फेकता येत नाही, तर आखूड फेकू. मैदान लांबीने ताणता येत नाही, तर रुंदीने ताणू. पाच-सहा यार्डांचा पास नव्वद टक्के खात्रीने पोचवता आला, तर पळण्याइतकाच भरवसा मिळेल, आणि झेलणारा धावत्या वेगात असल्यामुळे पुढचे यार्ड तो स्वतः मिळवेल. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकनेही पास झेलायला शिकावे, म्हणजे बचावाला एकाच वेळी पाच जणांवर लक्ष ठेवावे लागेल. पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेल्या बेंगल्सने १९७० च्या त्या मोसमात उरलेले सगळे सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद घेतले. पुढच्या वर्षी अचूक पासच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला.

या आक्रमणाचा प्राण होता तो म्हणजे वेळ. चेंडू हातात येताच क्वार्टरबॅक काही पावले मागे जातो. आखूड पाससाठी तीन पावले, मध्यम पाससाठी पाच, लांबसाठी सात. त्याच वेळी रिसीव्हर ठरलेल्या पावलांनी पुढे धावतो आणि ठरलेल्या जागी आत किंवा बाहेर वळतो. क्वार्टरबॅकचे शेवटचे पाऊल टेकते तेव्हा रिसीव्हर वळायच्या बेतात असतो, आणि चेंडू सुटतो तो रिसीव्हर जिथे आहे तिथे नव्हे, तर जिथे पोचणार आहे तिथे. गायक आणि तबलजी आपापल्या वाटेने जाऊन समेवर भेटतात, तशी ही भेट असते. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि शेवटी जवळ थांबलेल्या रनिंग बॅककडे. हा क्रमही आधीच ठरलेला. अंगावर चालून येणाऱ्या सव्वाशे किलोच्या माणसांसमोर क्वार्टरबॅकने नव्याने विचार करायचा नसतो, पाठ केलेल्या क्रमातून उत्तर शोधायचे असते.

पॉल ब्राऊन १९७५ च्या मोसमानंतर निवृत्त झाले, पण त्यांनी उत्तराधिकारी म्हणून दुसऱ्या सहायकाला निवडले. आठ वर्षे राबलेले वॉल्श बाहेर पडले. सॅन डिएगोत एक वर्ष, मग स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन वर्षे अशी वाट काढत १९७९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. आदल्या मोसमात संघाने १६ पैकी १४ सामने गमावले होते. वॉल्श यांच्या पहिल्या मोसमातही निकाल तोच लागला. पण दोन गोष्टी घडल्या होत्या. १९७८ मध्ये लीगने नियम बदलले होते. चाल जिथून सुरू होते त्या रेषेपासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला मनाई झाली होती. वेळेवर बेतलेल्या पासला याहून मोठे वरदान नव्हते. आणि १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या फेरीत जो मोंटाना हा क्वार्टरबॅक, तर दहाव्या फेरीत ड्वाइट क्लार्क हा रिसीव्हर संघात आला होता. मोंटानाच्या दंडाची ताकद बेताचीच, असे अनेकांचे मत होते. वॉल्श यांनी पाहिले ते त्याचे पाय आणि त्याचा थंडपणा.

वॉल्श यांचे खरे काम सरावात दिसे. पास नुसता पोचला म्हणून ते समाधानी होत नसत. रिसीव्हरला धाव न मोडता झेलता यावा, इतका नेमका तो छातीसमोर, किंचित पुढे पडला पाहिजे. पाऊल सहा इंच चुकले तरी चाल पुन्हा. एरवी ज्या प्रसंगांचा सराव कोणी फारसा करत नाही त्यांचा ते मुद्दाम करून घेत. तिसरा डाऊन आणि तीन यार्ड, शेवटचे मिनिट आणि एकही टाइमआऊट नाही, आपल्याच गोलरेषेपाशी कोंडलेला चेंडू. फळ्यासमोर उभे राहून प्रत्येक चाल ते कारणासकट समजावत. निकाल जिंकण्या-हरण्यात मोजू नका, कामाचा दर्जा सांभाळा, गुण आपोआप येतील, ही त्यांची शिकवण स्वागतकक्षात फोन घेणाऱ्यांपासून मैदान राखणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लागू होती.

त्यातूनच चालींची यादी आली. सिनसिनाटीत सामन्याच्या सुरुवातीच्या मोजक्या चाली ते आदल्या दिवशी लिहून ठेवत. सॅन फ्रान्सिस्कोत ही यादी पंचवीसपर्यंत गेली. या चाली यादीबरहुकूम खेळल्या की दोन फायदे होत. खेळाडू रात्री झोपताना पहिली चाल मनात घोळवू शकत आणि सुरुवातीची घबराट ओसरे. शिवाय वेगवेगळ्या मांडणीला बचाव कसे उत्तर देतो हे कळे, आणि तेच पुढच्या तासाभरात त्याच्यावर उलटवता येई. साठ हजार लोक ओरडत असताना कोणाचेही डोके पूर्ण शाबूत राहत नाही, स्वतःचेही नाही, हे वॉल्श यांनी मान्य केले होते. म्हणून अवघड निर्णय त्यांनी शांत खोलीत उरकून ठेवले.

१० जानेवारी १९८२ रोजी कँडलस्टिक पार्क या घरच्या मैदानावर या विचाराची परीक्षा झाली. डॅलस काऊबॉइजविरुद्ध सहा गुणांनी पिछाडी, पाच मिनिटांहूनही कमी वेळ, आणि चेंडू स्वतःच्या ११ यार्डांच्या रेषेवर. पुढे ८९ यार्ड. पाससाठी नावाजलेला संघ आता फेकाफेकी करणार, म्हणून डॅलसने पास अडवणारे जादा खेळाडू उतरवले. वॉल्श यांनी उलट लेनव्हिल एलियटला चेंडू घेऊन पळायला लावले. हा राखीव रनिंग बॅक त्यांच्या सिनसिनाटीच्या दिवसांतला. पास आणि पळण्याचा मेळ घालत संघ सहा यार्डांच्या रेषेवर पोचला. तिसरा डाऊन, ५८ सेकंद बाकी.

चाल होती ‘स्प्रिंट राइट ऑप्शन’. याच चालीवर सामन्याच्या सुरुवातीला फ्रेडी सॉलोमन या रिसीव्हरने चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाऊन केला होता. मोंटाना उजवीकडे धावला. तीन जण त्याच्या मागे, त्यांत सहा फूट नऊ इंचांचा एड जोन्स. सॉलोमनचा पाय घसरला होता. क्रमातला दुसरा क्लार्क. तो आत जाऊन पुन्हा उजवीकडे, गोलरेषेपलीकडच्या एंड झोनच्या मागच्या रेषेलगत धावत होता. मोंटानाने चेंडू उंच फेकला, इतका की झेलला तर क्लार्कच झेलेल, नाहीतर बाहेर जाईल. क्लार्कने उंच उडी घेतली आणि बोटांच्या टोकांवर तो पकडला. २८–२७. अमेरिकेत हा क्षण नुसता ‘द कॅच’ म्हणून ओळखला जातो आणि चमत्कार म्हणून सांगितला जातो. पण सरावात हा दुसरा पर्याय आणि ही उंच फेक दोन्ही घोटलेली होती.

दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर बेंगल्सच होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन वॉल्श यांनीच घडवलेला. फोर्टीनाइनर्स २६–२१ ने जिंकले. १९८५ च्या जानेवारीत मायामीविरुद्ध दुसरे विजेतेपद मिळाले. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मिसिसिपीच्या एका छोट्या महाविद्यालयातून जेरी राइस आला, आणि १९८५ च्या मोसमात रॉजर क्रेगने पळून हजार आणि झेलून हजार यार्ड, असा तोवर कोणालाही न जमलेला पराक्रम केला. रनिंग बॅकला रिसीव्हर करण्याची पंधरा वर्षांपूर्वीची कल्पना त्या आकड्यांनी खरी ठरवली. तिसरे विजेतेपद १९८९ च्या जानेवारीत, पुन्हा बेंगल्सविरुद्ध. आता त्यांचे प्रशिक्षक होते सॅम वाइश, वॉल्श यांचेच जुने सहायक. तीन मिनिटांत ९२ यार्ड कापून मोंटानाने ३४ सेकंद शिल्लक असताना जॉन टेलरला टचडाऊनचा पास दिला आणि संघ २०–१६ ने जिंकला.

त्यानंतर काही दिवसांतच वॉल्श यांनी प्रशिक्षकपद सोडले. खेळाडूंच्या डोक्यावरचा ताण हलका करणाऱ्या या माणसाला स्वतःचा ताण हलका करता आला नव्हता. १९८२ च्या मोसमानंतरही ते सोडण्याच्या बेतात होते. १९८७ मध्ये १५ पैकी १३ सामने जिंकून प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात मिनेसोटाकडून हरल्यावर मालकांशी संबंध ताणले गेले. घाईने सोडले, याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. पुढच्याच वर्षी जॉर्ज सीफर्ट यांच्या हाताखाली त्याच संघाने डेन्व्हरला ५५–१० असे हरवले. २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वॉल्श गेले.

प्रशिक्षकाचे मोल त्याच्या शिष्यांवरूनही करावे. वॉल्श यांचे सहायक माइक होमग्रेन यांनी ग्रीन बेला विजेतेपद मिळवून दिले आणि त्यांच्या हाताखाली अँडी रीड तयार झाले. सीफर्ट यांच्या फोर्टीनाइनर्समध्ये आक्रमण सांभाळलेल्या माइक शॅनहान यांनी डेन्व्हरला दोनदा जिंकवले. २०२० आणि २०२४ च्या सुपर बोलमध्ये रीड यांचा कॅन्सस सिटी आणि माइक यांचे चिरंजीव काइल शॅनहान यांचा फोर्टीनाइनर्स समोरासमोर आले. दोन्ही बाजूंची परंपरा एकाच घराण्याची. दोन्ही वेळा रीड जिंकले.

त्याहून मोठे काम १९८७ मधले. लीगमध्ये खेळणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि मुख्य प्रशिक्षकांत मात्र एकही कृष्णवर्णीय नाही, अशी तेव्हा स्थिती होती. वॉल्श यांनी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना आपल्या सराव शिबिरात बोलावून सगळी पद्धत उघडी करून दाखवायला सुरुवात केली. आज तो उपक्रम त्यांच्याच नावाने सगळ्या लीगमध्ये चालतो. गुपिते कुलपात ठेवणाऱ्या या धंद्यात आपली वही दुसऱ्यापुढे उघडणे सोपे नव्हते.

फोर्टीनाइनर्सचे मैदान २०१४ पासून सांता क्लारात आहे, सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध. आसपासच्या गावांत मराठी घरे पुष्कळ आहेत आणि त्या घरांतली मुले लाल-सोनेरी जर्सी घालून शाळेत जातात. त्यांच्या आईवडिलांना हा खेळ धडकाधडकीचा वाटत असेल, तर त्यांनी एकदा चेंडूवरून नजर काढून क्वार्टरबॅकची मागे जाणारी पावले मोजावीत. तीन, पाच किंवा सात. शेवटचे पाऊल टेकताच चेंडू सुटला, तर त्यामागे महिनोन्महिन्यांचे शिकवणे आहे. शिष्याकडे काय नाही याची यादी करणारे शिक्षक पुष्कळ असतात. वॉल्श यांनी त्याच्याकडे जे आहे तेवढ्यावर पद्धत उभी केली, ती कारणांसकट समजावली आणि तिची पूर्वतयारी गोंगाट सुरू होण्याआधी संपवली. तीन सुपर बोल हे त्या शिकवणीचे फळ. शिकवणी त्याहून मोठी, कारण ती अजून चालू आहे.