९६ हजार पेशंटचा डेटा, पण तो आला कुठून? कोरोना काळात एका पेपरने ट्रायल्स थांबवल्या, त्याची गोष्ट

मे २०२०. लॉकडाऊन सुरू होता, लशीचा पत्ता नव्हता आणि चर्चा होती एकाच गोळीची, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मलेरिया आणि संधिवातावरची ही जुनी गोळी. ट्रम्प तिचं रोज कौतुक करत होते. आपल्याकडे आयसीएमआरने मार्चमध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना ती खबरदारी म्हणून सुचवली होती, आणि एप्रिलमध्ये भारताने ती अमेरिकेला पाठवलीही होती.

अशात २२ मेला 'द लॅन्सेट' या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये एक पेपर आला. सहा खंड, ६७१ हॉस्पिटल्स, ९६,०३२ पेशंट. निष्कर्ष असा की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त आहे.

तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधला या गोळीचा भाग थांबवला. फ्रान्सने हॉस्पिटलमध्ये कोरोनासाठी ती द्यायला दिलेली परवानगी काढून घेतली.

मग माशी शिंकली कुठे?

डेटा होता सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीचा. कंपनीचा संस्थापक स्वतः पेपरचा एक लेखक. हॉस्पिटल्सच्या डिजिटल नोंदी आपल्याकडे जमा होतात असं कंपनीचं म्हणणं. पण हॉस्पिटल्स कोणती, हे मात्र करारामुळे सांगता येणार नाही.

पहिली शंका आली ऑस्ट्रेलियातून. पेपरनुसार २१ एप्रिलपर्यंत तिथल्या हॉस्पिटल्समध्ये ७३ मृत्यू झाले होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मोजणीत त्या तारखेला अख्ख्या देशाचा आकडा होता ६७! कंपनी म्हणाली, आशियातलं एक हॉस्पिटल चुकून ऑस्ट्रेलियात धरलं गेलं. 'द गार्डियन'च्या पत्रकारांनी मेलबर्न आणि सिडनीतल्या हॉस्पिटल्सना विचारलं, तर त्यांनी या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

शंभरहून जास्त संशोधकांनी जाहीर पत्र लिहिलं. त्यातला एक मुद्दा भारी होता. वेगवेगळ्या खंडांतल्या पेशंटचं वजन, सिगारेटचं व्यसन वगैरे गोष्टी जवळपास सारख्याच कशा? शेवटी त्रयस्थ तपासणी ठरली, पण तपासणाऱ्यांना पूर्ण डेटा मिळालाच नाही. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. त्याच दिवशी दुसऱ्या एका मोठ्या जर्नलनेही याच कंपनीच्या डेटावरचा पेपर मागे घेतला.

गंमत म्हणजे गोळी खरंच उपयोगाची निघाली नाही. ५ जूनला ब्रिटनच्या 'रिकव्हरी' ट्रायलने हॉस्पिटलमधल्या पेशंटना तिचा फायदा नसल्याचं जाहीर केलं. ते लोकांनी मानलं, कारण तिथे प्रत्येक पेशंट कोणत्या हॉस्पिटलचा, त्याची संमती कधी घेतली, त्याला कोणत्या गटात टाकलं, याचा माग काढता येत होता.

हा माग म्हणजे काय?

याला म्हणतात डेटा प्रोव्हेनन्स. शब्द चित्रांच्या दुनियेत आधीपासून रुळलेला. जुनं चित्र विकताना ते कुणाकडून कुणाकडे गेलं याचा इतिहास दाखवावा लागतो, तसंच इथे आकड्याचं.

समजा रिपोर्टवर शुगर १८० आहे. रक्त उपाशीपोटी घेतलं की जेवणानंतर? कोणत्या मशीनवर तपासलं? कॉम्प्युटरमध्ये कुणी भरलं, नंतर कुणी बदललं का? आपल्याकडची १८० ही युरोपातल्या अनेक लॅबच्या एककात १० होते. दोन देशांचा डेटा एकत्र करताना हे रूपांतर कुठे झालं ते लिहिलेलं नसेल, तर पुढचं सगळं गणित हवेत.

त्यामुळे आरोग्य डेटाच्या देवाणघेवाणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'फायर' या मानकात प्रोव्हेनन्सची वेगळी नोंद ठेवायची सोय आहे. कुणी, कधी, कोणत्या मूळ नोंदीवरून आणि काय बदल केला, हे त्यात बसतं. भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे तुमचा १४ अंकी 'आभा' नंबर जिथून येतो तिथेही, हेच मानक वापरतात.

आणि हो, माग ठेवणं म्हणजे पेशंटचं नाव उघड करणं नाही. नाव झाकूनही नोंद कोणत्या हॉस्पिटलची हे तपासणाऱ्याला दाखवता येतं. सर्जिस्फिअरच्या प्रकरणात तर हॉस्पिटल्सच गुप्त होती.

सॉफ्टवेअर आलं की प्रश्न मिटला?

नाही. सॉफ्टवेअरला माग कळतो तो माहिती टाइप झाल्यापासूनचा. आपल्याकडे उपकेंद्रातली नर्सताई आधी रजिस्टरमध्ये लिहिते, महिनाअखेरीला बेरीज होते आणि मग ते आकडे सरकारी पोर्टलवर चढतात. कमी वजनाची बाळं किती, हा आकडा त्यातलाच. पोर्टलवर तो कोणत्या लॉगिनने भरला ते सापडेल. पण बाळाचं वजन कुणी केलं, कोणत्या काट्यावर आणि जन्मानंतर किती तासांनी, हे शोधायचं तर रजिस्टरचं ते पानच उघडावं लागतं.